चान्स घेण्याआधीच्या तपासण्या : एंडोमेट्रिओसिस असलेल्या नाशिककर स्त्रियांचे अनुभव

इंदिरानगर, वय ३२
पाळीत दुखतेच, त्यात काय एवढे, हे ऐकत मी तिशी ओलांडली आणि गेल्या दिवाळीनंतर डाव्या अंडाशयात ४ सेंटिमीटरची चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ, निघाली, तेव्हा कुठे त्या दुखण्याला एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार, हे नाव मिळाले. आता आम्हाला मूल हवे आहे. एका डॉक्टरांनी आधी सिस्ट काढून टाकू असे सांगून शस्त्रक्रियेची तारीखही दिली आहे, तर घरातली मंडळी ‘वर्षभर चान्स घ्या, मग बघू’ म्हणतात. प्रयत्न सुरू करण्यापूर्वीच ज्यांनी तपासण्या करून घेतल्या, त्यांनी त्यातून काय कळले आणि काय कळले नाही ते सविस्तर लिहावे, ही विनंती. डॉक्टरांची व रुग्णालयांची नावे कृपया टाळावीत.

निफाड तालुका, वय ३४
आमची द्राक्षबाग आहे, म्हणून बागेवरूनच सांगते. ऑक्टोबर छाटणीपूर्वी आम्ही काड्यांचे नमुने तपासायला देतो. काडीच्या डोळ्यांत, म्हणजे कोंब फुटायच्या जागी, घड आहे की नाही ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसते आणि त्यावरून कितव्या डोळ्यावर छाटायचे ते ठरते, परंतु पुढे अवकाळी पाऊस येणार की गारपीट होणार, हे त्या अहवालात नसते. एएमएच ही रक्ततपासणी मला तशीच वाटली. माझा आकडा १.१ आला तेव्हा मी दोन रात्री झोपले नाही. नंतर डॉक्टरांनी शांतपणे समजावले की या आकड्यावरून स्त्रीबीजांचा उरलेला साठा आणि बीजे वाढवण्याच्या इंजेक्शनांना अंडाशय किती प्रतिसाद देईल याचा अंदाज येतो. बीजांचा दर्जा मुख्यतः वयावर अवलंबून असतो, आणि नैसर्गिकरीत्या दिवस राहतील की नाही, हे एएमएच सांगत नाही.

पाळीच्या तिसऱ्या दिवशी योनिमार्गातून सोनोग्राफी करून लहान बीजपुटके, म्हणजे ज्यांत बीजे वाढतात त्या पिशव्या, मोजली, ती उजवीकडे पाच आणि सिस्ट असलेल्या बाजूला दोन भरली. सिस्टच्या आड काही लपलेलीही असू शकतात, असे सांगण्यात आले. पाळी थांबल्यावर, बीज सुटण्याच्या आधीच्या दिवसांत, गर्भनलिकांचा एक्स-रे झाला. रंगद्रव्य आत सोडताना कळ आली, ती पाळीच्या पहिल्या दिवसासारखीच होती, म्हणजे आपल्याला सवयीची. दोन्ही नलिका उघड्या निघाल्या. मात्र नलिका उघडी असली तरी तिच्या बाहेर चिकटलेपणा नसेलच असे नाही, हेही मला तेव्हाच कळले. वर्षभर न थांबता सहा महिन्यांनी परत या, असे आम्हाला सांगितले होते. पाचव्या महिन्यात दिवस राहिले. हे माझ्यापुरते, आकडा कमी असूनही होतेच, असे कोणी यावरून धरू नये.

ओझर, वय ३१
माझ्या दोन्ही अंडाशयांतील सिस्ट २९व्या वर्षी दुर्बिणीद्वारे काढल्या. त्यापूर्वी एएमएच करून घ्यावा, असे मला कोणीही सुचवले नाही आणि मलाही विचारण्याइतकी माहिती नव्हती. सहा महिन्यांनी केलेल्या तपासणीत तो ०.६ आला. सिस्टचे आवरण सोलून काढताना त्याला चिकटलेला निरोगी भागही थोडा जातो, हे मुंबईच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवले. यात आजाराचा वाटा किती आणि शस्त्रक्रियेचा किती, हे आता कळण्याचा मार्ग नाही, कारण आधीचा आकडाच नाही. असह्य दुखणे गेले, ते मात्र त्या शस्त्रक्रियेमुळेच, आणि तेवढे तिचे श्रेय मी देते. सध्या आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार, सुरू आहे. पहिल्या वेळी तीन बीजे मिळाली, गर्भ टिकला नाही.

सातपूर, वय ३६
एकच सांगते. आजार माझा म्हणून चार महिने माझ्याच तपासण्या होत राहिल्या. नवऱ्याची वीर्यतपासणी, जिला सुई लागत नाही आणि दोन ते सात दिवसांचा संयम पुरतो, ती सर्वांत शेवटी झाली आणि दोष तिथेही निघाला.

पंचवटी, वय २७, अविवाहित
‘लग्नाआधी या तपासण्या कशाला, उद्या कोणाला कळले तर?’ हा आईचा पहिला प्रश्न होता, आणि तिची भीती मला समजते. माझी सोनोग्राफी पोटावरूनच केली. तीत तितके स्पष्ट दिसत नाही. मी संततिनियमनाच्या गोळ्या घेत असल्याने एएमएच थोडा कमी दिसू शकतो, म्हणून गोळ्या बंद झाल्यावर तो पुन्हा करायचा आहे. त्या गोळ्या दुखणे आवरतात, पण पुढे दिवस राहण्याची शक्यता वाढवत नाहीत, हे मी समजत होते त्याच्या अगदी उलट निघाले. बीजे गोठवून ठेवण्याविषयीही विचारले आहे. खर्चाचा आकडा ऐकून आई गप्प झाली. पुढच्या भेटीला मात्र स्वतःहून बरोबर येणार आहे.

इंदिरानगर
ओझरच्या ताईंचे वाचल्यावर शस्त्रक्रियेची तारीख तूर्त रद्द केली. एएमएचसाठी पाळीच्या दिवसाची वाट पाहावी लागत नाही, म्हणून रक्त उद्याच देते आहे. नवऱ्याने वीर्यतपासणीसाठी शनिवारची वेळ घेतली आहे.