सक्तीच्या लग्नातून सुटू पाहणाऱ्या मुलीबाबत तिच्या घरच्यांशी बोलावं का?

पाऊलवाट:
"माझं लग्न मनाविरुद्ध ठरवलंय, काहीतरी करा," असं कुणी येऊन सांगितलं की आपण आधी तिच्या आईवडिलांना भेटायला जातो. माझ्या मते हीच मोठी चूक. घरी कुणकुण लागली की तिचा फोन काढून घेतात, पासपोर्ट कुलपात जातो, लग्नाची तारीख अलीकडे येते. ब्रिटनमध्ये पोलीस, शिक्षक, डॉक्टर यांना सरकारी सूचनाच आहे: ही व्यक्ती एकटी भेटण्याची ही एकमेव संधी समजा, आणि घरच्यांशी मध्यस्थी करू नका.

उंबरठा:
अजिबात पटलं नाही. आईवडील म्हणजे शत्रू नव्हेत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि सहयोगी संस्थांच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात २ कोटी २० लाख माणसं सक्तीच्या लग्नात अडकलेली होती. एवढ्यांना घराबाहेर काढून ठेवणार कुठे? इंग्लंडमध्ये २०१४ साली सक्तीचं लग्न लावणं हा फौजदारी गुन्हा ठरला, तेव्हा काही कार्यकर्त्यांनाच भीती वाटत होती की मुली तक्रार करायच्या थांबतील. आईला तुरुंगात कोण धाडेल? लग्न टळतं, पण धाकटी भावंडंही दुरावतात.

काजवा:
त्याच अंदाजात पुढे आहे की ८५ टक्क्यांहून अधिक प्रकरणांत दबाव घरच्यांचाच होता. मग बोलणी करायची ती कुणाशी?
माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिने एका शिक्षिकेला विश्वासाने सगळं सांगितलं. बाईंनी चांगल्या मनाने वडिलांना बोलावून घेतलं. ती पुन्हा वर्गात आलीच नाही. आजही कुणी "घरच्यांशी बोलून बघू" म्हटलं की मला तिचा रिकामा बाक आठवतो.

पाऊलवाट:
उंबरठा, तुरुंगाची भीती खरी आहे, ती मी मान्य करतो. पण इंग्लंडमध्ये २००८ पासून दिवाणी संरक्षण आदेशही मिळतो. न्यायालय पासपोर्ट जमा करायला लावू शकतं, परदेशी नेण्यास मनाई करू शकतं. आईवडिलांवर खटला भरावाच लागतो असं नाही. आदेश मोडला तर मात्र गुन्हा. म्हणजे लग्नही थांबतं आणि नात्याचं दार पूर्ण बंद होत नाही.

उंबरठा:
आणि तीच म्हणाली, "बाबांशी बोला", तर?

पाऊलवाट:
तर बोलावं, पण ती सुरक्षित जागी पोहोचल्यावर. त्याआधी नाही. आधी तिच्या कागदपत्रांच्या प्रती, प्रवासाची तारीख, परतीचं तिकीट आहे का, आणि तिच्याशी कुठल्या वेळी बोलणं धोक्याचं नाही, एवढं विचारून ठेवावं. विमानतळावर नेत असतील तर अंतर्वस्त्रात धातूचा चमचा लपवण्याचा सल्ला तिथल्या एका मदतसंस्थेने दिला होता. तपासणी यंत्र वाजतं, तिला बाजूला घेतात, आणि घरच्यांपासून दूर बोलायला दोन मिनिटं मिळतात.

उंबरठा:
ठीक. पण सहा महिन्यांनी आईच्या आठवणीने ती स्वतःच परत निघाली, तर? अशा मुलींवर चिडून संबंध तोडणारे मदतनीस मी पाहिलेत.

काजवा:
निघाली तर अडवायचं नाही आणि सुनवायचंही नाही. तिला पाठ असलेला आपला नंबर मात्र बदलायचा नाही.