मदत हवी आहे: अभ्यासाचा एक दिवस बुडाला की मागोमाग आणखी दोन बुडतात

खिडकीजवळची_जागा
राज्यसेवा पूर्वची तयारी, पुण्यात. अभ्यासिका सकाळी 7 ते रात्री 10. वेळापत्रकात रोज नऊ तास धरलेत, आज जेमतेम दीड झाला. राहिलंय ते असं: संसदेचं प्रकरण (पहिलं वाचन), सीसॅटचे (पूर्वचा दुसरा पेपर, उतारे आणि बुद्धिमत्तेचा) 40 प्रश्न, अर्थव्यवस्थेची उजळणी आणि अँकीत (फ्लॅशकार्डांनी उजळणी करायचं ॲप) साचलेली 340 कार्डं. रविवारी टेस्ट सिरीजचा पेपर आहे, त्यात अर्थव्यवस्था आहे, राज्यघटना नाही. अशा वेळी रात्री जागून भरून काढायचा बेत होतो आणि पुढचे दिवसही हातचे जातात. "मन लावून कर" सोडून काहीतरी नेमकं सांगा. आत्ता साडेनऊ वाजलेत.

उजळणीपंथी
पुढचे दिवस जातात ते या जागरणानेच. दोनला झोपून सहाला उठलात तर वाचलेलं टिकत नाही, दहाला उठलात तर सकाळ गेली. झोपायला फार तर अर्धा तास उशीर चालेल, उठायची वेळ मात्र रोजचीच ठेवा. आता चहाही नको. कॅफिनचं शरीरातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण पाच तास लागतात.

झोपण्याआधी पंधरा मिनिटं कागद घेऊन बसा आणि राहिलेल्याची वाटणी करा. तारीख ठरलेलं काय, उजळणी कोणती, नवं वाचन कोणतं. अर्थव्यवस्था रविवारी आहे, म्हणजे ती उद्या. संसद उद्याच्या यादीत घालूच नका, ती आठवड्यातल्या मोकळ्या दुपारी. अशी दुपार ठेवलेलीच नसेल तर खरा घोळ तिथे आहे. सातही दिवस काठोकाठ भरलेलं वेळापत्रक एका तापाने किंवा गावाहून आलेल्या एका पाहुण्याने कोलमडतं. सहा दिवसांचंच काम आखा आणि एक दुपार राहिलेल्यासाठी सोडा.

उद्या नऊ तास अधिक आजचे साडेसात, हा हिशेब तर मुळीच नको. उद्यासाठी सहा तास लिहा.

ऋण_पाव
वरच्याशी सहमत. फक्त उद्याचा पहिला तास कशाचा, हे आज रात्रीच ठरवा आणि तो विषय असा निवडा की तो कुठे संपतो ते दिसेल. नवं प्रकरण सकाळी पहिल्यांदा घेऊ नये. दहा पानांनंतरही काही झालं असं वाटत नाही आणि हात फोनकडे जातो. त्यापेक्षा सीसॅट घ्या. 80 प्रश्नांना 120 मिनिटं, म्हणजे प्रश्नाला दीड मिनिट. 20 प्रश्न काढा, घड्याळ लावून 30 मिनिटं, मग पुढची 30 मिनिटं फक्त चुका तपासायला. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापतात, तेव्हा अंदाजाने टिक केलेल्यांवर वेगळी खूण करा. आठच्या ठोक्याला एक काम पूर्ण झालेलं असेल. उरलेले 20 परवा.

तांबडाजोगेश्वरी
25 मिनिटं अभ्यास आणि 5 मिनिटं सुट्टी हे सगळीकडे सांगितलं जातं. वाचनाला ठीक आहे, पण सीसॅटच्या उताऱ्यांत मध्येच गजर वाजला की उतारा पुन्हा पहिल्यापासून वाचावा लागतो. तिथे 50 ते 60 मिनिटांचा सलग तुकडाच बरा. बुडालेल्या दिवसानंतर मात्र 25 मिनिटांनी सुरुवात करायला हरकत नाही, बसण्याचा डोंगर वाटत नाही.

आणखी एक. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की पहिल्या परीक्षेआधी चालढकल केल्याबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी कमी चालढकल केली. माफ करणं म्हणजे लाड नव्हेत. "दुपारी दोननंतर बसलो नाही, कारण फोन" एवढी एक ओळ लिहायची आणि वही मिटायची. डायरीत दोन पानं स्वतःला शिव्या घालणं हीसुद्धा चालढकलच.

पत्त्यांचा_डाव
अँकीपुरतं सांगतो. डेकच्या (कार्डांच्या गठ्ठ्याच्या) सेटिंगमध्ये नवीन कार्डं 0 करा आणि उजळणीची रोजची मर्यादा 150. रोज साधारण 80 कार्डं नव्याने उजळणीला येत असतील तर 70 जुनी निघतात, पाच दिवसांत 340 संपतात. मर्यादा न लावता एका बैठकीत सगळी काढायला गेलात तर शंभरनंतर न वाचताच "सोपं" दाबलं जातं आणि ती कार्डं महिनाभर तोंड दाखवत नाहीत. थोडा उशीर झाला म्हणून बिघडत नाही; उशिरा येऊनही आठवलं तर अँकी पुढचं अंतर त्या हिशेबाने वाढवतं.

खिडकीजवळची_जागा
आभार सगळ्यांचे. फोन घरी ठेवता येत नाही, चालू घडामोडींच्या पीडीएफ टेलिग्रामवर येतात. त्याचं काय?

उजळणीपंथी
तेच तर भोक आहे. पीडीएफ शोधायला म्हणून आत जायचं आणि कटऑफच्या चर्चेत तास घालवायचा. पीडीएफ रात्रीच उतरवून ठेवा, आठवड्याच्या एकदम प्रिंट काढा, पाठपोट. दिवसा टेलिग्राम लागताच कामा नये. फोन बंद करून अभ्यासिकेच्या लॉकरमध्ये, खिशात नाही. जेवायला मेसवर जाताना हवा तर काढा, पण परत आल्यावर आधी लॉकर, मग खुर्ची.

ऋण_पाव
आणि मेसहून आल्यावर लगेच अर्थव्यवस्था घेऊ नका, डोळे मिटतात. वीस मिनिटांचा गजर लावून डोकं टेकवा. तासभर झोपलात तर उठल्यावर जडपणा जात नाही. मग अर्धा तास अँकी, तेही लॅपटॉपवर. अर्थव्यवस्था त्यानंतर, तीनला.

तांबडाजोगेश्वरी
हे असं दोनेक आठवडे सलग चाललं असेल, झोप आणि भूकही बिघडली असेल, तर वेळापत्रक बदलून भागणार नाही. डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन 14416, मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

खिडकीजवळची_जागा
नाही, तसं नाही. कालपर्यंत ठीक होतं. सात वाजता सीसॅट 20, मग अर्थव्यवस्था, जेवणानंतर अँकी 150, तीनला पुन्हा अर्थव्यवस्था. सहा तास. संसद गुरुवारी दुपारी.

पत्त्यांचा_डाव
अँकी 150 अर्ध्या तासात होणार नाहीत, कार्डाला 15 सेकंद धरले तरी 38 मिनिटं. पाऊण तास ठेवा आणि अर्थव्यवस्था सव्वातीनला.