बीएस-४ पेट्रोल गाडी पीयूसीत नापास: कॅट बदलायचा की आधी दुसरं काही?

घाटरस्ता
नमस्कार मंडळी. २०१४ ची पुणे पासिंग पेट्रोल हॅचबॅक, ९५,००० किमी. पीयूसीत आयडलला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) १.१ टक्के, एचसी (न जळलेलं पेट्रोल) २६० पीपीएम. २५०० आरपीएमला सीओ १.४, लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण; १ म्हणजे नेमकं, त्याखाली पेट्रोल जास्त, वर हवा जास्त) ०.९६. सीओटू १४.२ आणि ऑक्सिजन ०.१ असंही पावतीवर आहे. चेक इंजिनचा दिवा लागलाय, कोड पी०१७२ (मिश्रणात पेट्रोल जास्त). गॅरेजचं म्हणणं, कॅटलिटिक कन्व्हर्टर (कॅट, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेत धूर साफ करणारा डबा) संपला, नवा टाका. खर्च मोठा, म्हणून आधी विचारतोय. आणि एक शंका: पीयूसी पास झाली की गाडीचा हवेला त्रास नाही, असं धरायचं का?

लॅम्डा_एक
कॅटला आत्ता हात लावू नका. बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलला सीओ ०.३ टक्के आणि एचसी २०० पीपीएम, २५०० आरपीएमला सीओ ०.२ आणि लॅम्डा ०.९७ ते १.०३ ही मर्यादा आहे. तुमचा लॅम्डाच खाली आहे. सीओचा सीओटू करायला कॅटला ऑक्सिजन लागतो आणि ०.९६ ला धुरात तो उरतच नाही. कोरा कॅट बसवलात तरी गाडी नापासच होईल. लॅम्डा १ च्या आसपास असून सीओ जास्त आला असता, तर कॅटवर संशय घ्यायला जागा होती.

ऑक्सिजन ०.१ आहे ही एक चांगली गोष्ट. सायलेन्सरला भोक असतं तर बाहेरची हवा शिरून हा आकडा १-२ टक्क्यांवर गेला असता आणि लॅम्डा खोटाच वर दिसला असता. म्हणजे तुमची पावती विश्वासाची आहे, गाडी खरोखर जास्त पेट्रोल पितेय.

आता स्कॅनर लावून दोन गोष्टी बघा. कूलंटचं तापमान ८५ ते ९५ च्या दरम्यान स्थिर हवं. थर्मोस्टॅट उघडा अडकला की ते ६५-७० वरच घुटमळतं, ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) इंजिन थंड वाटतं आणि तो पेट्रोल वाढवत राहतो. दुसरं, लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल कायमचं किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा (शॉर्ट टर्म म्हणजे त्या क्षणाचा). तो उणे दहाच्या खाली असेल तर पेट्रोल किंवा त्याची वाफ कुठून तरी फुकट येतेय. मग इंजिन चालू ठेवून कॅनिस्टरकडून (टाकीतली वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबा) इंजिनात वाफ नेणारी पर्जची नळी चिमटीत दाबा. ट्रिम सुधारला तर चोर तिथेच आहे. नाही सुधारला तर पीसीव्हीची (ऑइलच्या भागातली वाफ इंजिनात परत नेणारी) नळी काढून तोंड बंद करून बघा, म्हणजे ऑइलमध्ये पेट्रोल मिसळलंय का ते कळेल. एअर फिल्टर बघालच. इंजेक्टर सगळ्यात शेवटी.

घाटरस्ता
आभार. कूलंट ९१. लाँग टर्म उणे २५ वर अडकलेला. पर्जची नळी दाबल्यावर मिनिटाभरात शॉर्ट टर्म शून्याच्या आसपास खालीवर व्हायला लागला, लाँग टर्मही हळूहळू वर येतोय.

पाना_बावीस
सापडलं. उणे २५ म्हणजे ईसीयूने कमी करता येईल तेवढं पेट्रोल कमी केलंय, तरी वाफ उरतेय. पर्ज व्हॉल्व्हचा प्लग काढा आणि आयडलला कॅनिस्टरच्या बाजूच्या तोंडावर बोट ठेवा. करंट नसताना हा व्हॉल्व्ह बंदच असायला हवा. बोटाला ओढ लागली तर तो गळतोय, बदला. कॅनिस्टर उतरवून हलवा. जड लागला किंवा नळीतून पेट्रोलचा थेंब आला तर आतला कोळसा भिजलाय. तो वाळवून पूर्वीसारखा होत नाही, नवाच लागतो.

कोळसा भिजतो कशाने? ऑटो कट झाल्यावरही राउंड फिगर होईपर्यंत पंपावर नोझल दाबत राहतात त्याने. टाकीच्या वरची मोकळी जागा वाफेसाठी असते. ती भरली की पेट्रोल थेट व्हेंटच्या नळीत उतरतं.

दुरुस्तीनंतर इंजिन ऑइलही बदला, इतके दिवस रिच (जास्त पेट्रोलवर) चालल्याने त्यात पेट्रोल उतरलेलं असणार. स्कॅनरने जुने ट्रिम पुसा, ३०-४० किमी चालवा आणि मग पीयूसीला जा. कॅट साधारण २५० ते ३०० अंशांच्या पुढेच काम करतो, त्यामुळे रांगेत इंजिन बंद करून उभं राहू नका. पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवून थेट तपासणीची नळी लावून घ्या. नळी सायलेन्सरमध्ये किमान ३० सेंटिमीटर आत जातेय ना, ते बघा.

त्यानंतर लॅम्डा बरोबर येऊनही सीओ जास्त राहिला तरच कॅट तपासा. २५०० आरपीएमला मागच्या ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज ०.६ ते ०.७ वर शांत राहिला तर कॅट जिवंत. पुढच्या सेन्सरसारखा ०.१ ते ०.९ उड्या मारत असेल तर तो संपला.

हवापाणी
शंकेचं उत्तर: नाही. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत नायट्रोजनचे ऑक्साइड मोजतच नाहीत. ते इंजिनावर भार आल्यावर, जळण फार तापल्यावर तयार होतात. उभ्या गाडीत ते मोजूनही फारसं कळलं नसतं. म्हणून सीओ पाडण्यासाठी मिश्रण मुद्दाम लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) करून देणाऱ्यांपासून लांब राहा. लॅम्डा १ च्या वर सरकला की कॅट नायट्रोजन ऑक्साइड तोडू शकत नाही. कागद मिळतो आणि घाट चढताना गाडी जास्त विष सोडते.

तुमच्या कॅनिस्टरचा संबंध तर थेट ओझोनशी आहे. भिजलेला कोळसा वाफ धरत नाही, गाडी उन्हात उभी असली तरी पेट्रोल हवेत जातं आणि पीयूसीच्या यंत्राला ते दिसत नाही. ही वाफ आणि नायट्रोजन ऑक्साइड यांच्यापासून उन्हात ओझोन बनतो. भर चौकात तो कमी सापडतो, कारण ताजा नायट्रिक ऑक्साइड त्याला खाऊन टाकतो. वारा ही हवा शहराबाहेर नेतो आणि तिथे तो वाढतो. हवेतल्या ओझोनची आठ तासांची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. गहू आणि सोयाबीन, दोन्ही पिकं ओझोनला नाजूक. शहरातल्या टाक्यांची वाफ अशी शेजारच्या तालुक्यातल्या शेतात उतरते.

त्यामुळे कॅनिस्टर बदललात की पंपावर पहिल्या कटला नोझल काढायला सांगा. ९८७ रुपये झाले असतील तर ९८७च द्या.