स्टॅग सत्तरीत थांबले नाहीत

शिकागो विद्यापीठाने सत्तरीत निवृत्त केलं आणि प्रशिक्षक एमॉस अलोन्झो स्टॅग यांची कारकीर्द संपली, असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं. ते खरं नाही. १८९२ ते १९३२ अशी चाळीस वर्षं फुटबॉल (म्हणजे अर्थातच अमेरिकन फुटबॉल) शिकवल्यावर हा माणूस १९३३मध्ये कॅलिफोर्नियात कॉलेज ऑफ द पॅसिफिकला गेला आणि नव्याने उभा राहिला. १९४३मध्ये वयाच्या ८१व्या वर्षी त्यांना वर्षातला सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून गौरवलं गेलं! पुढे पेनसिल्व्हेनियात मुलाच्या जोडीनेही त्यांनी संघ घडवले. १९६५मध्ये गेले तेव्हा वय १०२ होतं.

मला त्यांचं सुरुवातीचं, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण संस्थेतलं पर्व जास्त भावतं. बास्केटबॉलचे जनक नेस्मिथ तिथे त्यांच्या फुटबॉल संघात खेळायचे. मार्च १८९२मध्ये प्रेक्षकांसमोर बास्केटबॉलचा पहिला सामना झाला, शिक्षक विरुद्ध विद्यार्थी. शिक्षक ५-१ने हरले, आणि त्यांचा तो एकमेव गोल स्टॅग यांचा होता. धर्मोपदेशक व्हायला निघालेल्या माणसाने मैदानालाच आपलं कार्यक्षेत्र मानलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.