अमेरिकेत बंदुकीचे कायदे नेमके अडतात कुठे?

सायली_फ्रिस्को
नमस्कार मंडळी. आम्ही डॅलसजवळ फ्रिस्कोला राहतो, नवरा एच-वन-बी वर आहे, मुलगा यंदा किंडरगार्टनला गेला. परवा शाळेतून मेल आला की लॉकडाऊन ड्रिल (शाळेत बंदूकधारी शिरला तर लपायचा सराव) झालं, आणि रात्री जेवताना हा सांगतोय की टीचरनी लाइट घालवले, दाराच्या काचेवर पडदा ओढला, आम्ही सगळे कोपऱ्यात बसलो, बोलायचं नाही आणि ज्यांच्या बुटांत लाइट लागतात त्यांनी बूट हाताने झाकायचे. माझ्या पोटात गोळाच आला. इथून जवळच ॲलनचं आउटलेट मॉल आहे जिथे आपले सगळे लोक खरेदीला जातात, तिथे ६ मे २०२३ ला आठ जण मारले गेले, त्यात आपल्याकडची एक तरुण इंजिनियर मुलगी पण होती.

माझा प्रश्न असा की कुठलाही सर्व्हे काढा, बंदूक विकताना प्रत्येक वेळी घेणाऱ्याचा बॅकग्राउंड चेक, म्हणजे पूर्वीची गुन्ह्यांची वगैरे तपासणी, झाला पाहिजे असं म्हणणारे अमेरिकन दहात आठाहून जास्त असतात, बंदूक बाळगणारेसुद्धा त्यात असतात. मग कायदा होत का नाही? एनआरए ही बंदूकवाल्यांची संघटना पैसे वाटते एवढंच कारण आहे का अजून काही? इथे बरीच वर्षं राहिलेल्यांनी नीट समजावून सांगा प्लीज, आणि भारत विरुद्ध अमेरिका असं भांडण नको.

पराग_ऑस्टिन
सायली, पैसा आहेच पण तो मुख्य नाही. एनआरए आज बरीच खिळखिळी झालीये, तिचा प्रमुख वेन लापिएर २०२४ च्या जानेवारीत पायउतार झाला आणि पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या ज्यूरीने त्याला संस्थेचा पैसा स्वतःवर उधळल्याबद्दल दोषी धरलं. तरी कायदे हलले का? नाही.

खरी मेख दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे सिनेट. तिथे फिलिबस्टरमुळे (चर्चा लांबवून बिल अडवायची मुभा) ५१ मतं पुरत नाहीत, ६० लागतात. २०१२ च्या डिसेंबरमध्ये सँडी हुकच्या शाळेत गोळीबारात २० लहान मुलं आणि ६ मोठी माणसं गेली, त्यानंतर एप्रिल २०१३ ला मँचिन आणि टूमी अशा दोन पक्षांच्या दोन सिनेटरनी मिळून गन शो आणि ऑनलाइन विक्रीला चेक लावायचं बिल आणलं, त्याला ५४ मतं पडली आणि ते पडलं. बहुमत असून पडलं!

दुसरी मेख प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायची निवडणूक, आणि ही आपल्या लोकांच्या लक्षात येत नाही. टेक्सासमधले बहुतेक मतदारसंघ असे आखलेत की नोव्हेंबरमध्ये कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं असतं, खरी निवडणूक मार्चमधली पक्षाची प्रायमरी, आणि तिथे मोजकेच लोक मत द्यायला जातात, जे जातात ते सगळ्यात कट्टर असतात. ॲलननंतर दोनच दिवसांनी काय झालं बघा. २०२२ ला टेक्सासमधल्या युव्हाल्डीच्या शाळेतल्या गोळीबारात ज्यांची मुलं गेली ते आईबाप कितीतरी महिने ऑस्टिनला खेटे घालत होते की सेमी ऑटोमॅटिक रायफल घ्यायचं वय १८ चं २१ करा, कारण त्यांच्या मुलांना मारणाऱ्याने अठरावा वाढदिवस झाल्या झाल्या दुकानात जाऊन कायदेशीर रायफली घेतल्या होत्या. ते बिल ८ मे २०२३ ला कमिटीतून ८ विरुद्ध ५ असं पास झालं, दोन रिपब्लिकननी बाजूने मत दिलं, आईबाप तिथेच रडायला लागले. पण ते बिल सभागृहापुढे आलंच नाही, मुदत संपली. त्या दोघांतले एक, रॉकवॉलचे जस्टिन हॉलंड, पुढच्या वर्षी प्रायमरीच्या रनऑफमध्ये (दुसऱ्या फेरीत) हरले. त्यांच्या हरण्याला बाकीची पण कारणं होती हे खरंय, पण बाकीच्या आमदारांनी काय धडा घेतला असेल ते सांगायला नको.

युव्हाल्डीचे तेव्हाचे रिपब्लिकन खासदार टोनी गोन्झालेसनी बंदुकांवरच्या २०२२ च्या फेडरल कायद्याला हो म्हटलं तर त्यांच्याच राज्य पक्षाने त्यांच्या निषेधाचा ठराव केला, आणि २०२४ ला बंदुकांचे व्हिडिओ करणाऱ्या एका यूट्यूबरसमोर ते अक्षरशः काठावर वाचले. आता सांगा, दहात आठ लोकांना हवंय म्हणून कुठला आमदार आपली खुर्ची पणाला लावेल?

हिल_कंट्री
मी बंदूक बाळगणारा आहे, नागरिक झाल्यावर रीतसर घेतली, केरव्हिलच्या बाजूला थोडी जमीन आहे. इथे दुसऱ्या बाजूने कोणी बोलत नाही म्हणून लिहितोय, राग मानू नका.

आमच्याकडे रात्री काही झालं तर शेरीफची गाडी यायला अर्धा-पाऊण तास सहज लागतो. रानडुकरं एका रात्रीत अख्खं शेत उकरून टाकतात, ती मारायला रायफलच लागते, आणि त्यासाठी इथे बरेच जण एआर-१५ ही सेमी ऑटोमॅटिक रायफलच वापरतात. टीव्हीवर ती फक्त शाळेत माणसं मारायचं हत्यार म्हणून दिसते. खरं तर अमेरिकेत बंदुकीने होणारे बहुतेक खून हँडगनने होतात, रायफलींचा वाटा फार थोडा आहे, पण बंदीची भाषा मात्र कायम रायफलीचीच.

बॅकग्राउंड चेकबद्दल म्हणाल तर दुकानातून घेताना फॉर्म भरतोच आम्ही आणि एफबीआयकडून चेक होतोच. माझा विरोध चेकला नाही, रजिस्टरला आहे. प्रत्येक खासगी विक्रीवर चेक म्हणजे आज ना उद्या कुणाकडे काय आहे याची सरकारी यादी, आणि यादी झाली की उचलून न्यायला किती वेळ लागतो? ही भीती हवेतली नाही. १९८६ च्या कायद्यात फेडरल सरकारला अशी यादी करायला मनाई आहे ती उगाच नाही घातलेली. आणि २०१९ ला ह्यूस्टनच्या डिबेटमध्ये डेमोक्रॅट बेटो ओरूर्क साहेबांनी सगळ्या देशासमोर सांगितलं की एआर-१५ आम्ही काढून घेणारच. लोक हे विसरत नाहीत. २०२२ ला युव्हाल्डीच्या गोळीबारानंतर सहा महिन्यांच्या आत गव्हर्नरची निवडणूक झाली तेव्हा खुद्द युव्हाल्डी काउंटीने रिपब्लिकन गव्हर्नर ॲबटना मत दिलं, ओरूर्कना नाही. तिथल्या माणसांना मुलांचं दुःख नव्हतं असं म्हणायची कुणाची हिंमत आहे?

आणि ते दहात आठ वगैरे. मेन राज्यात २०१६ ला नेमक्या याच प्रश्नावर सरळ लोकांचं मत घेतलं, खासगी विक्रीला चेक हवा की नको, आणि लोकांनी नको म्हटलं. सर्व्हेत हो म्हणणं वेगळं आणि कायद्याचा मजकूर वाचून मत देणं वेगळं.

पराग_ऑस्टिन
@हिल_कंट्री मेनचं बरोबर आहे, पण पुढचं पण सांगा ना. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मेनमधल्याच लुइस्टनला गोळीबारात १८ माणसं गेली, ज्याने मारलं तो सैन्याच्या रिझर्व्हमध्ये होता, त्याचं डोकं ठिकाणावर नाही हे घरच्यांनी पोलिसांना महिनोन् महिने आधी सांगितलं होतं. मग त्याच मेनने बंदूक घेताना ७२ तास थांबायचा कायदा केला, आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये लोकांनीच मत देऊन रेड फ्लॅग कायदा आणला, म्हणजे घरचे लोक थेट कोर्टात जाऊन सांगू शकतात की याच्याकडची हत्यारं तात्पुरती काढून घ्या. आपल्या टेक्सासने त्याच वर्षी काय केलं? असे आदेश इथे चालणारच नाहीत असा कायदा.

शेरीफ लांब असतो हे मान्य, तुमची रायफल कोणी मागत नाहीये. पण शस्त्रधारी चांगला माणूस असला की मुलं वाचतात हे जे सतत सांगतात ते मला अजिबात पटत नाही. युव्हाल्डीला वेगवेगळ्या खात्यांचे मिळून ३७६ पोलीस आले होते, आणि वर्गाचं दार उघडून आत शिरायला ७७ मिनिटं गेली. १९ मुलं आणि दोन शिक्षिका.

वकील_नागपूर
मी अमेरिकेत वकिली करत नाही पण संविधान हा माझा विषय आहे म्हणून चार ओळी. संसदेत बहुमत आलं तरी पुढे कोर्ट आहे, हा मुद्दा वर राहिला.

१७९१ ची दुसरी घटनादुरुस्ती एका वाक्याची आहे, त्यात आधी लोकसेनेचा उल्लेख येतो आणि मग लोकांच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा. खूप वर्षं कोर्टांनी पहिल्या अर्ध्यावर जोर दिला. २००८ मध्ये हेलर खटल्यात सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ असं ठरवलं की घरात स्वसंरक्षणासाठी हँडगन ठेवणं हा प्रत्येक व्यक्तीचा हक्क आहे. हे निकालपत्र न्यायमूर्ती स्कालियांनी लिहिलंय, आणि त्यातच हा हक्क अमर्याद नाही, गुन्हेगारांना मनाई, शाळा किंवा सरकारी इमारतीत मनाई असे नियम चालतात असं पण म्हटलंय, ते बंदूकवाले सांगत नाहीत. मग २०२२ ला ब्रुएन खटल्याचा निकाल आला, युव्हाल्डीनंतर एका महिन्याच्या आत, ६ विरुद्ध ३. त्यात न्यूयॉर्कचा घराबाहेर बंदूक बाळगायच्या परवान्याचा शंभरहून जास्त वर्षं जुना कायदा गेला आणि नवी कसोटी आली की आजचा निर्बंध टिकायचा असेल तर देशाच्या जुन्या इतिहासात तसाच काही निर्बंध दाखवा. आता घोड्यावरून फिरणाऱ्या काळातून आजच्या बंदुकांसाठी नियम शोधायचे, म्हणून खालची कोर्टं प्रचंड गोंधळली. बायकोला किंवा जोडीदाराला मारहाण केली म्हणून कोर्टाचा मनाईहुकूम असलेल्या माणसाकडून बंदूक काढून घेता येते का, इतका साधा प्रश्न टेक्सासमधून थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, कारण मधल्या कोर्टाने तो कायदाच रद्द केला होता. २०२४ च्या रहिमी निकालात ८ विरुद्ध १ ने तो वाचला.

सायलीताईंनी तुलना नको म्हटलंय, मी भांडत नाही, पण आपल्या डोक्यात हा विषय का बसत नाही ते यात आहे म्हणून सांगतो. आपल्याकडे शस्त्र हा मूलभूत हक्क नाहीच, १९५९ च्या कायद्याने सरकार लायसन्स देतं म्हणून मिळतं, २०१९ च्या दुरुस्तीने तर एका माणसाला तीनऐवजी दोनच. अर्थात इंग्रजांनी १८७८ च्या शस्त्र कायद्यात हिंदी माणसाला परवाना सक्तीचा आणि गोऱ्याला मोकळीक असं केलं होतं आणि आपल्या पुढाऱ्यांना तो अपमान वाटला होता, तेव्हा सरकारच्या हातात सगळं नको हे हिल_कंट्री यांचं म्हणणं अगदीच परकं नाही.

मेघना_ओहायो
मी इथे हॉस्पिटलच्या इमर्जन्सीमध्ये काम करते. तुम्ही सगळे शाळा आणि मॉलबद्दल बोलताय, मी आई म्हणून समजू शकते, पण माझ्या डोळ्यांसमोर येतं ते वेगळंच.

अमेरिकेत २०२३ मध्ये बंदुकीने साधारण ४६,७०० माणसं गेली, आणि त्यातली निम्म्याहून जास्त आत्महत्या आहेत. दरवर्षी असंच असतं. त्या टीव्हीवर येत नाहीत. आणि त्या क्षणी घरात उघडी बंदूक आहे की नाही यावर फार काही ठरतं, कारण बाकीच्या बहुतेक प्रयत्नांतून माणूस आमच्यापर्यंत जिवंत पोचतो, बंदुकीने पोचतच नाही. वाचलेल्यांतले बहुतेक जण पुढे आत्महत्येने जात नाहीत, हे लोकांना माहीतच नसतं, त्यांना वाटतं करायचंच होतं त्याने कसंही केलं असतं. नाही हो. इस्रायलच्या सैन्याने २००६ ला एवढंच केलं की शनिवार-रविवार घरी जाताना सैनिकांनी रायफल तळावर ठेवून जायची, आणि आत्महत्या ४० टक्क्यांनी उतरल्या. कोणाचा हक्क गेला नाही, कोणाची बंदूक जप्त झाली नाही.

वॉशिंग्टनमध्ये काय व्हायचं ते होवो, पण कपाटाला कुलूप लावायला सिनेटची ६० मतं लागत नाहीत. २०२० पासून इथल्या मुलांच्या आणि टीनएजर्सच्या मृत्यूचं पहिल्या नंबरचं कारण बंदूक आहे, रस्त्यावरच्या अपघातांच्याही वर. यावर दोन्ही बाजू एकत्र येऊ शकतात आणि येत नाहीत याचा मला खरंच संताप येतो.

सायली_फ्रिस्को
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं. मेघनाताई, आता एक अगदी घरगुती प्रश्न. पुढच्या शनिवारी मुलाला वर्गातल्या मित्राकडे खेळायला बोलावलंय, माणसं खूप चांगली आहेत, पण त्यांच्या ट्रकवर बंदुकीचं स्टिकर आहे. विचारू का? कसं विचारायचं? वाईट नाही ना वाटणार त्यांना?

मेघना_ओहायो
विचारायचंच. बंदूक आहे का असं नको, लोकांना वाटतं आपण त्यांच्या मतांची चौकशी करतोय. ॲलर्जी सांगतेस ना, त्याच मेसेजमध्ये लिही, याला शेंगदाणे चालत नाहीत, कुत्रा असेल तर थोडा घाबरतो, आणि घरात बंदूक असेल तर ती कुलपात असते ना, गोळ्या वेगळ्या ठेवता ना? मी प्रत्येक घरी विचारते. आजोबा-आजी असतील तर त्यांच्या खोलीचं पण, उशाच्या ड्रॉवरमध्ये ठेवायची सवय असते.

हिल_कंट्री
विचारा, बिनधास्त. माझ्याकडे मुलांचे मित्र येतात त्यांच्या आयांना मी स्वतः सेफ दाखवतो. जो नीट ठेवतो त्याला राग येत नाही, आणि ज्याला राग येतो त्याच्याकडे मूल पाठवू नका. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाताला लागेल अशी भरलेली बंदूक ठेवणं टेक्सासमध्ये गुन्हा आहे, हे आमच्या गव्हर्नरांच्या राज्यात पण आहे.

अजून एक, तुमच्या मिस्टरांना सांगा. ऑफिसचे लोक टीम आउटिंग म्हणून शूटिंग रेंजला नेतात, एच-वन-बी वर असताना हातात बंदूक घेणं सुद्धा फेडरल कायद्याने मना आहे, राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असेल तर सूट मिळते, ग्रीन कार्डवाल्यांना हा नियम नाही. नुसती गंमत म्हणून व्हिसा धोक्यात घालू नका.

पराग_ऑस्टिन
हे बरं झालं सांगितलंत, बऱ्याच जणांना माहीत नसतं.

बाकी फ्रिस्को-प्लेनो-ॲलन पट्ट्यात जे आपले लोक नागरिक झालेत त्यांच्यासाठी, टेक्सासमध्ये मतदार यादीत पक्ष नोंदवावा लागत नाही, मार्चमध्ये कुठल्याही एका पक्षाच्या प्रायमरीत मत देता येतं. नाव नोंदवायची मुदत निवडणुकीच्या ३० दिवस आधी संपते. नोव्हेंबरची वाट बघणारे दर वेळी इथेच चुकतात.

सायली_फ्रिस्को
मेसेज पाठवला मेघनाताई, शेंगदाण्यांसकट. उत्तर आलं, सेफ गराजमध्ये आहे आणि किल्ली तिच्या नवऱ्याकडे असते. आमच्या ओळखीत नागरिक झालेली तीन-चार कुटुंबं आहेत, पराग यांचं प्रायमरीचं त्यांच्या ग्रुपवर टाकते आज.