मदत हवी आहे: शेंगेन व्हिसावर फॅरो बेटांवर जाता येईल का?

मुळाकाठ: नमस्कार. आई, बाबा आणि मी वीस दिवसांनी कोपनहेगनमार्गे फॅरो बेटांवर जाणार आहोत. तिघांकडेही शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा सामायिक व्हिसा) आहे, बेटे डेन्मार्कची आहेत आणि डेन्मार्क शेंगेनमध्ये आहे. तरीही हा व्हिसा तिथे चालणार नाही, असे तिकीट काढून देणाऱ्याने काल सांगितले. हॉटेलचे पैसे परवापर्यंत भरायचे असल्याने कृपया लवकर सांगा.

सह्यवाट: व्हिसा कोणत्या देशाने दिला आहे? स्टिकरच्या सर्वांत वरच्या ओळीत काय छापले आहे?

दिठी: निर्धास्त जा. नॉर्डिक म्हणजे डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन वगैरे उत्तर युरोपीय देशांच्या पासपोर्ट करारात फॅरो बेटे १९६६ पासून आहेत आणि कोपनहेगनहून तिकडे जाताना सीमेवर कोणी पासपोर्ट तपासत नाही. माझा भाऊ असाच जाऊन आला.

सह्यवाट: दिठी, तो करार नॉर्डिक नागरिकांसाठी आहे. नॉर्डिक देशांनी २००१ मध्ये शेंगेनचे नियम लागू केले, तेव्हा फॅरो बेटे आणि ग्रीनलंड बाहेरच राहिले. केवळ जुनी मोकळी ये-जा तुटू नये म्हणून सीमेवरची तपासणी टाळली गेली. तपासणी नाही म्हणजे परवानगी आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. वृद्ध आईवडिलांना घेऊन जाणाऱ्याला असा सल्ला देऊ नये.

मुळाकाठ: वरच्या ओळीत ‘शेंगेनर श्टाटन’ (जर्मनमध्ये ‘शेंगेन देश’) असे आहे. जास्त मुक्काम बर्लिनला असल्याने व्हिसा जर्मनीचा काढला.

सह्यवाट: मग तो फॅरो बेटांवर चालणार नाही. डेन्मार्कच्या व्हिसावरसुद्धा फॅरो बेटांचा वेगळा उल्लेख असावा लागतो. डेन्मार्कच्या दूतावासाकडे आजच अर्ज करा आणि तोवर हॉटेलचे पैसे भरू नका.

दिठी: त्यापेक्षा नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर जा, तिथे व्हिसाच लागत नाही.

सह्यवाट: लागत नाही, पण नॉर्वेतून तिकडे जाताना शेंगेनची हद्द ओलांडली जाते. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर परत नॉर्वेत उतरता येणार नाही. मुळाकाठ, तुमच्या व्हिसावर किती प्रवेश लिहिले आहेत?

मांडवी: आम्हा गोवेकरांना पोर्तुगालचे नियम घरोघरी ठाऊक असतात. मदैरा आणि अझोर्स ही बेटे शेंगेनमध्येच आहेत, तिथे तुमचा आहे तोच व्हिसा चालेल. पोर्तुगीज नागरिकत्वाच्या कागदपत्रांविषयी काही हवे असल्यास तेही सांगेन.

मुळाकाठ: नागरिकत्व नको आहे. प्रवेश एकच लिहिला आहे, त्यामुळे स्वालबार्डही बाद. अर्ज उद्या भरतो. मदैराला जून महिन्यात पाऊस असतो का?