मदत हवी आहे: परस्परलंब विद्युत व चुंबकीय क्षेत्रांत इलेक्ट्रॉनचा मार्ग कसा काढावा?

२ सेंटीमीटर लांबीच्या आणि एकमेकींपासून १ सेंटीमीटर अंतरावर असलेल्या दोन आडव्या पट्ट्यांमध्ये ३०,००० व्होल्ट प्रति मीटर तीव्रतेचे विद्युत क्षेत्र खालच्या दिशेने असून, ०.०१५ टेस्लाचे चुंबकीय क्षेत्र कागदाच्या आत जाणारे आहे. मध्यरेषेवरून उजवीकडे सेकंदाला २० लाख मीटर वेगाने शिरणारा इलेक्ट्रॉन सरळ का जातो, हे मला समजले आहे. प्रभार ऋण असल्याने दोन्ही बलांच्या दिशा उलट धरायच्या, हेही तपासले आहे.

अडचण वेग निम्मा केल्यावर येते. विद्युत बल तेवढेच राहते, चुंबकीय बल निम्मे होते, आणि उरलेले ऊर्ध्व बल स्थिर मानून पट्ट्या ओलांडण्याच्या २० नॅनोसेकंदांतील विचलन काढले, तर ते सुमारे ५३ सेंटीमीटर येते, जे या फटीत अशक्यच आहे. आकडेमोड दोनदा पडताळली. गुरुत्वाकर्षण धरलेले नाही. वेगाबरोबर चुंबकीय बलाचे मूल्य व दिशा दोन्ही बदलत असल्याने बल स्थिर मानणेच चुकीचे असावे, असे मला वाटते.

मला बारावीपर्यंतचे कलन आणि सदिश गुणाकार येतात, परंतु दोन एकमेकांत गुंतलेली विकलक समीकरणे सोडवता येत नाहीत. तेवढ्या गणितावर इलेक्ट्रॉन वरच्या पट्टीवर आदळेल की नाही, हे कसे ठरवावे?